दप्तर कोणासाठी सांभाळायचे?

या वेळचे पत्र युरोपातील एका शहरातून आले आहे. पत्र लिहिणारी तरुणी मूळची शहाद्याची. पुण्यात सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए. करून ती एका आंतरराष्ट्रीय विकास संस्थेच्या मुख्यालयात सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी गेली आहे. तिच्या विनंतीवरून तिचे आणि संस्थेचे नाव दिलेले नाही. पत्रातील आवश्यक तेवढा भाग असा :

"आदरणीय ताई, संस्थेची अंतर्गत धोरणे आणि कार्यपद्धती सांभाळणाऱ्या विभागात मला घेतले आहे. येण्यापूर्वी वाटले होते की धोरणांवरच्या चर्चा ऐकायला मिळतील, थोडेफार लिहायला मिळेल. प्रत्यक्षात गेले दोन महिने मी एका एक्सेल शीटमध्ये तीनशेहून अधिक दस्तऐवजांची यादी अद्ययावत करते आहे. दस्तऐवजाचे नाव, तो कोणत्या विभागाचा, आवृत्ती क्रमांक, लागू झाल्याची तारीख, पुढच्या आढाव्याची तारीख. ज्यांची आढाव्याची तारीख उलटली आहे त्या विभागांना स्मरणपत्रे पाठवते, आलेले अभिप्राय एकत्र करते, जुने टेम्प्लेट काढून नवे लावते. माझ्याबरोबरच्या दोघी इंटर्न कार्यक्रम विभागात आहेत आणि त्यांतली एक नुकतीच केनियाला जाऊन आली. मलाही फील्डवरच जायचे होते. माझे वडील तलाठी म्हणून निवृत्त झाले. फोनवर त्यांना कामाचे स्वरूप सांगितले तेव्हा ते म्हणाले, 'एवढे शिकून तिथेही दप्तरच सांभाळायचे होते का?' मला उत्तर देता आले नाही. आणखी एक गोष्ट. यादी करताना मला दोन दस्तऐवजांत 'कुटुंब' या शब्दाच्या दोन वेगळ्या व्याख्या आढळल्या. एकात एका चुलीवर जेवणारे सगळे मिळून एक कुटुंब धरले आहे, तर दुसऱ्यात त्याच घरातील प्रत्येक विवाहित जोडपे वेगळे कुटुंब आहे. मी वरिष्ठांना दाखवले. त्या म्हणाल्या, नोंद करून ठेव, आढाव्याच्या वेळी पाहू. मी इंटर्न आहे, याहून अधिक बोलणे योग्य होईल का? आणि उरलेले चार महिने इथेच काढावेत, की कार्यक्रम विभागात बदली मागावी?"

प्रिय मैत्रिणी,

'आणखी एक गोष्ट' असे म्हणून जे तुम्ही पत्राच्या शेवटाकडे लिहिले आहे, तोच तुमच्या पत्राचा गाभा आहे असे मला वाटते. वडिलांना द्यायचे उत्तरही त्यातच आहे. तुम्ही शहाद्याच्या आहात, म्हणून हे मी तुमच्याच जिल्ह्यातील उदाहरणावरून सांगते.

तळोदा आणि शहादा तालुक्यांतील पुनर्वसन वसाहती तुम्ही लहानपणापासून पाहिल्या असतील. सोमावल, रोझवा ही नावे तुमच्या कानांवरून गेली असतील. तिथली माणसे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठच्या गावांतून आली. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली आणि त्यांत मणिबेलीची पाळी सर्वांत आधी आली. त्या वेळी हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता, कारण नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये झाला. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाने 1979 मध्ये जो निवाडा दिला, त्यात विस्थापितांच्या हक्कांची कलमे होती. ज्या कुटुंबाची 25 टक्क्यांहून अधिक जमीन जाईल त्याला गेली तेवढी, परंतु किमान दोन हेक्टर जमीन मिळावी, आणि घरातील प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानला जावा, असे त्यात म्हटले होते. हे वाक्य पुन्हा वाचा. तीन सज्ञान मुलगे असलेल्या घराची गणना चार कुटुंबे अशी होते आणि तीन सज्ञान मुली असलेल्या घराची गणना एकच कुटुंब अशी होते, कारण कलमात शब्द 'मुलगा' आहे. त्या काळासाठी निवाडा उदार होता, हे मान्य करूनही एका शब्दाने किती घरांचा हिशेब फिरला हे तुमच्या लक्षात येईल.

त्याहून बिकट प्रश्न जमीन कोणाची मानायची हा होता. सातपुड्यातील त्या गावांत अनेक आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत होती. त्यांच्या नावावर सात-बारा नव्हता, म्हणून दप्तरी ती 'अतिक्रमणधारक' ठरली. शेत होते, पीक होते, कसणारा माणूस समोर उभा होता, परंतु 'जमीनधारक' या शब्दाच्या व्याख्येत तो बसत नव्हता. जागतिक बँकेने 1985 मध्ये या प्रकल्पासाठी 45 कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले तेव्हा सक्तीच्या विस्थापनाविषयी बँकेचा स्वतःचा लिखित नियम अस्तित्वात होता. तो 1980 चा होता. म्हणजे कागदाचा अभाव नव्हता. तो कागद कोणासाठी आणि कितपत बंधनकारक आहे, त्याचे पालन झाले की नाही हे कोण पाहणार, आणि पालन झाले नाही तर मणिबेलीच्या माणसाने कोणाकडे जायचे, याची व्यवस्था नव्हती.

पुढे काय झाले हे तुम्ही अभ्यासक्रमात वाचले असेल, परंतु तुमच्या आताच्या टेबलावरून ते वेगळे दिसेल. नर्मदाकाठच्या लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर बँकेने 1991 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा समिती नेमली. जून 1992 मध्ये आलेल्या अहवालात असे मत होते की चालू परिस्थितीत विस्थापितांचे योग्य पुनर्वसन शक्य नाही आणि बँकेने एक पाऊल मागे घ्यावे. मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज न घेण्याचा निर्णय कळवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेच्या संचालक मंडळाने एक कायमस्वरूपी तपासणी मंडळ स्थापन करण्याचा ठराव केला. बाधित झालेली दोन किंवा अधिक माणसे या मंडळाकडे थेट तक्रार करू शकतात. आता तुमच्या कामाशी असलेला संबंध पाहा. धरण चांगले की वाईट हे ते मंडळ ठरवत नाही. बँकेने स्वतःची धोरणे आणि कार्यपद्धती पाळली की नाही, आणि पाळली नसल्यास त्यातून लोकांचे नुकसान झाले का, हे ते तपासते. म्हणजे ज्याला तुम्ही 'दस्तऐवज क्रमांक अमुक, आवृत्ती तमुक' म्हणून यादीत नोंदवता, तोच मजकूर एखाद्या खेड्यातील दोन माणसांना एका बलाढ्य संस्थेपुढे उभे राहण्यासाठी आधार म्हणून वापरता येतो. मात्र तो मजकूर स्पष्ट असला पाहिजे, लागू असलेली आवृत्ती कोणती हे निर्विवाद असले पाहिजे, आणि तो लोकांना सापडला पाहिजे.

याचा परिणाम लिहिण्याच्या पद्धतीवरही झाला. बँकेच्या जुन्या निर्देशांत सक्तीचा नियम, काम करण्याची पद्धत आणि सदिच्छेचा सल्ला हे सारे एकाच परिच्छेदात मिसळलेले असे. पालन तपासायचे तर यातले बंधनकारक काय, हे आधी वेगळे करावे लागते. म्हणून 1990 च्या दशकात त्या निर्देशांचे विभाजन सुरू झाले, आणि धोरण, बँकेची कार्यपद्धती व चांगल्या प्रथा असे तीन स्वतंत्र प्रकार झाले. त्यांतील पहिले दोन बंधनकारक होते, तिसरा मार्गदर्शनासाठी होता. आज बँकेच्या चौकटीत धोरण, निर्देश, कार्यपद्धती आणि मार्गदर्शन असे थर आहेत. तुमच्या संस्थेत नावे वेगळी असतील, परंतु थर असतीलच, आणि तुमच्या शीटमध्ये 'दस्तऐवजाचा प्रकार' हा रकाना नसेल तर तो आजच घाला.

एका नियमाचा प्रवास मुद्दाम सांगते, कारण तुम्ही असाच एक प्रवास स्वतः शोधावा असे मला वाटते. विस्थापनाविषयीच्या 1990 च्या निर्देशात असे आले की जमिनीवर कायदेशीर मालकी नसणे हे भरपाई आणि पुनर्वसन नाकारण्याचे कारण ठरू नये. 2001 च्या धोरणात हेच अधिक नेमके झाले. बाधितांचे तीन गट पाडले गेले : ज्यांचा जमिनीवर औपचारिक कायदेशीर हक्क आहे ते, ज्यांचा तसा हक्क नाही परंतु मान्य होऊ शकेल असा दावा आहे ते, आणि ज्यांच्याकडे हक्क किंवा दावा यांपैकी काहीच नाही ते. या तिसऱ्या गटालाही जमिनीच्या भरपाईऐवजी पुनर्वसन साहाय्य मिळाले पाहिजे, असे धोरणाने सांगितले. ऑक्टोबर 2018 पासून लागू झालेल्या नव्या पर्यावरणीय व सामाजिक चौकटीच्या पाचव्या मानकात हे तीन गट टिकून आहेत. ज्या माणसाला दप्तराने 'अतिक्रमणधारक' म्हणून बाहेर ठेवले होते, त्याच्यासाठी कागदावर एक जागा तयार व्हायला एवढी वर्षे आणि एवढी गावे लागली. धोरणांचा इतिहास वाचताना मला तारखांपेक्षा हे महत्त्वाचे वाटते की प्रत्येक नव्या कलमामागे कोणीतरी आधी बाहेर राहिलेला असतो.

मुंबईचे उदाहरणही आपल्या जवळचे आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला बँकेने 2002 मध्ये कर्ज मंजूर केले. रस्ते आणि रेल्वेच्या कामांसाठी फार मोठ्या संख्येने लोकांना हलवावे लागणार होते. 2004 मध्ये तपासणी मंडळाकडे तक्रारी गेल्या, आणि त्यांत दुकानदारांचा आवाज मोठा होता. मोफत मिळणारी पर्यायी जागा 225 चौरस फुटांपर्यंत मर्यादित होती. राहत्या झोपडीच्या हिशेबाने केलेला हा आकडा ज्याचे दुकान किंवा कारखाना त्याहून कितीतरी मोठा होता त्यालाही लागू होत होता. मंडळाच्या अहवालानंतर मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांसाठीचा निधी थांबवला आणि सुधारणांच्या अटी मान्य झाल्यावर जूनमध्ये तो पुन्हा सुरू केला. घर आणि उपजीविकेची जागा यांना एकच माप लावणारा नियम लिहिणाऱ्याला बहुधा समानता साधायची असेल. परंतु त्याने तो नियम एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यावर बसून वाचून पाहिला नव्हता.

या विषयात मी इतकी गुंतलेली का, हेही सांगितले पाहिजे. मी स्वतः काही वर्षे एका मदत संस्थेत काम केले. पुरानंतर एका तालुक्यात आम्ही कुटुंबांना रोख साहाय्य वाटले. संस्थेच्या कार्यपद्धतीत वाक्य होते, 'पावतीवर लाभार्थ्याची स्वाक्षरी आवश्यक आहे.' वाटप झाल्यावर मुख्यालयाच्या हिशेब विभागाने पावत्यांचा एक मोठा गठ्ठा परत पाठवला, कारण त्यांवर स्वाक्षरी नव्हती, अंगठा होता. आपल्याकडे 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानेच (जनरल क्लॉजेस ॲक्ट), ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी म्हणजे स्वाक्षरी, असे धरले आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याने ज्या माणसाचा विचार केला होता, त्याचा विचार आमच्या नव्याकोऱ्या कार्यपद्धतीने केला नव्हता. हिशेब विभागातील माणसे वाईट नव्हती, त्यांनी कागद पाळला. परंतु पुढचा हप्ता अडला, आणि तो अडला तो नेमका लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्या बायांचा. मी त्यांच्या घरी जाऊन कारण सांगत होते तेव्हा एकीने विचारले की माझा अंगठा सरकारला चालतो, तुम्हाला का चालत नाही. त्या प्रश्नाने मी हललेच. त्या कार्यपद्धतीत नंतर 'स्वाक्षरी किंवा साक्षीदारासमक्ष अंगठ्याचा ठसा' असे होऊन चार शब्द वाढले, आणि ते वाढवण्यासाठी आम्हाला सात महिने पत्रव्यवहार करावा लागला. ती सुधारणा ज्या विभागामार्फत झाली तिथेही तुमच्यासारखीच कोणीतरी यादी सांभाळत होती, आणि आमचे पत्र तिने योग्य दस्तऐवजाला जोडून ठेवले होते म्हणूनच ते आढाव्याच्या बैठकीत पोहोचले.

आता तुमच्या कामाकडे येते. यादीला कमी लेखू नका, पण केवळ यादीपुरते थांबूही नका. तीनशे दस्तऐवजांपैकी एक निवडा, ज्याचा शेवट प्रत्यक्ष माणसापाशी होतो असा : साहाय्यवाटप, तक्रार निवारण, स्थानिक खरेदी, सामूहिक बैठका, यांपैकी काहीही. त्याची पहिली आवृत्ती केव्हा आली, ती कोणत्या घटनेनंतर आली, प्रत्येक आवृत्तीत कोणते शब्द आले आणि कोणते गेले, आणि आजच्या आवृत्तीतून निघणारा फॉर्म प्रत्यक्षात कोण भरतो, हे शोधा. आपल्याकडे शासन निर्णयाच्या डोक्यावर 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. तो निर्णय कशाला अधिक्रमित करतो, त्याला पुढे शुद्धिपत्रक निघाले का, हे पाहिल्याशिवाय मंत्रालयातले जुने कार्यासन अधिकारी टिप्पणी लिहीत नसत. तलाठ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला ही शिस्त नवी नाही. ती तुम्ही सोबत घेऊन गेलात, आणि तिथे ती तुमच्या सहकाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे असेल.

वाचताना क्रियापदांवर बोट ठेवून वाचा. इंग्रजी दस्तऐवजात 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' यांत बंधन, अपेक्षा आणि मुभा एवढे अंतर असते, आणि घाईत लिहिणारे ते एकमेकांच्या जागी वापरतात. आपल्या मराठीत तर 'करावे' या एका रूपात आज्ञाही मावते आणि सल्लाही मावतो, म्हणून भाषांतरात हा घोटाळा दुप्पट होतो. तक्रार पेटी 'ठेवावी' असे लिहिलेले असेल तर ती ठेवलीच पाहिजे की ठेवली तर बरे, हे क्षेत्र कार्यालयातील माणसाने कसे ओळखायचे? ज्या वाक्यात कर्ताच नाही त्या वाक्यांवरही खूण करा. 'माहिती लोकांपर्यंत पोहोचवली जाईल' असे म्हटले की ती कोणी पोहोचवायची हे कोणालाच ठाऊक नसते आणि ती पोहोचत नाही.

पुढची गोष्ट जुन्या आवृत्त्यांची. मुख्यालयात नवी आवृत्ती लागू झाली म्हणजे ती सगळीकडे लागू झाली असे मुख्यालयाला वाटते. क्षेत्र कार्यालयात मात्र कोणाच्या तरी शेअर्ड फोल्डरमध्ये जुना फॉर्म असतो, नव्या माणसाला जुना माणूस तोच देतो, आणि वर्षानुवर्षे तोच चालतो. तुमच्या वरिष्ठांची परवानगी घेऊन दोन-तीन देशांतील कार्यालयांना एवढेच विचारा की अमुक कामासाठी आज तुम्ही कोणता फॉर्म वापरता, तो पाठवाल का. तपासणीचा सूर लागू देऊ नका, मदत मागा. आलेल्या फॉर्मवरचा आवृत्ती क्रमांक तुमच्या यादीशी ताडून पाहा. चार महिन्यांत एवढे एक काम जरी झाले, तरी संस्थेला पूर्वी माहीत नसलेली गोष्ट तुम्ही दाखवून दिलेली असेल.

आता 'कुटुंब'. तुम्हाला आढळलेला विरोध किरकोळ नाही, हे वरच्या साऱ्या हकिकतीवरून तुम्हाला पटले असेल. एका दस्तऐवजाने गणना करायची आणि दुसऱ्याने वाटप करायचे असेल, तर एकाच घरातील धाकट्या जोडप्याचे नाव यादीत असेल पण वाटपात नसेल. तिसऱ्या शक्यतेचाही विचार करा. तुमच्या दुसऱ्या व्याख्येत 'विवाहित जोडपे' आहे. मग त्याच घरातील विधवा सून, टाकलेली बाई, लग्न न झालेली चाळिशीतली बहीण कुठे मोजली जाते? 1979 च्या निवाड्यातील 'मुलगा' या शब्दाने जे केले, ते इथे 'जोडपे' हा शब्द करत असेल.

परंतु हे मांडण्याची रीत महत्त्वाची आहे. तुमच्या वरिष्ठांनी 'नोंद करून ठेव' म्हटले, याचा अर्थ त्यांनी ते झिडकारले असा मी लावत नाही. अशा विभागांत आढाव्याचे वेळापत्रक ठरलेले असते, आणि दस्तऐवजाची मालकी दुसऱ्या विभागाकडे असल्यामुळे त्यांना स्वतःहून मजकूर बदलता येत नाही. म्हणून नोंद अशी करा की आढावा घेणाऱ्याला ती टाळता येणार नाही. एक पान पुरे. वर दोन्ही कलमे आवृत्ती आणि परिच्छेद क्रमांकासह शब्दशः उतरवा. खाली एक कल्पित घर घ्या, सासू-सासरे, दोन विवाहित मुलगे आणि एक विधवा मुलगी असे सात-आठ जणांचे, आणि पहिल्या व्याख्येने त्या घराला काय मिळते, दुसऱ्या व्याख्येने काय मिळते, दोन्हींच्या मध्ये कोण पडते, हे आकड्यांत दाखवा. मग दोन्ही दस्तऐवजांपैकी वरच्या थरातला कोणता ते सांगा, कारण विरोध असल्यास सामान्यतः वरच्या थरातील मजकूर ग्राह्य धरला जातो. शेवटी दुरुस्तीची एक-दोन वाक्ये सुचवा. 'चूक', 'दुर्लक्ष' असे शब्द कुठेही वापरू नका. हे पान वरिष्ठांना द्या आणि एवढीच विनंती करा की दोन्ही दस्तऐवजांच्या नोंदीला ते जोडले जावे आणि संबंधित विभागांना पाठवता येईल का ते पाहावे. त्यांनी होकार दिला तर उत्तम. त्यांनी आढाव्यापर्यंत थांबायला सांगितले तर थांबा, पण जाण्यापूर्वी तुमच्या हस्तांतरण टिपणात त्याचा उल्लेख असू द्या. त्यांना वगळून वर जाऊ नका, आणि हे अंतर्गत दस्तऐवज मित्रमैत्रिणींना किंवा मलाही पाठवू नका. गोपनीयतेच्या ज्या अटीवर तुम्ही सही केली आहे ती पाळणे हाही तुमच्या कामाचाच भाग आहे. एकच अपवाद मी मानते. त्या विरोधामुळे आज, आत्ता एखाद्या ठिकाणी माणसे वंचित राहत आहेत असे तुमच्या निदर्शनास आले, तर आढाव्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी लेखी कळवा. अशा वेळी इंटर्न असणे हे गप्प बसण्याचे कारण होत नाही.

बदलीविषयी माझे मत स्पष्ट आहे. मागू नका. फील्डवर जाण्याची तुमची ओढ खरी आहे आणि ती विझू देऊ नका, परंतु दहा दिवसांच्या दौऱ्यात जे दिसते ते बहुधा यजमान कार्यालयाने दाखवलेले असते. कोणता नियम गावात जाऊन कसा मोडतो हे ज्याला आधीच माहीत असते, तोच तिथे गेल्यावर योग्य प्रश्न विचारतो. चार महिन्यांनी तुम्ही एखाद्या क्षेत्र कार्यालयात अर्ज कराल तेव्हा, 'मी धोरण विभागात इंटर्न होते' हे वाक्य कोणाच्या लक्षात राहणार नाही. 'तुमच्या संस्थेच्या तक्रार निवारण पद्धतीत अंगठा लावणारी बाई कुठे अडेल ते मी सांगू शकते' हे लक्षात राहील. फक्त एक मागणी जरूर करा. यादीबरोबर एक लहानसा दस्तऐवज, एखादे मार्गदर्शन टिपण का होईना, पहिल्या मसुद्यापासून मान्यतेपर्यंत तुमच्याकडे द्यावा असे सांगा. अभिप्राय गोळा करताना कोणता विभाग कशासाठी अडून बसतो आणि कशावर तडजोड होते, हे दुसऱ्याच्या मसुद्याची फाइल पाहून कळत नाही.

राहता राहिले वडील. त्यांचे बोलणे तुम्हाला लागले आहे, पण त्यामागची खंत मला कळते. आयुष्यभर दप्तर सांभाळलेल्या माणसाला आपल्या मुलीने दप्तराच्या पलीकडे जावे असे वाटते. त्यांना तुमचे काम समजावून सांगण्याआधी त्यांचे काम विचारा. तुमच्या भागात तलाठी असलेल्या माणसाने पीकपाहणी करताना कसणारा एक आणि सात-बाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, असे किती वेळा पाहिले असेल. गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद घेताना त्यांच्या मनात काय येत होते? वनहक्क कायदा 2006 मध्ये आल्यावर दाव्यांसाठी लोक कोणते पुरावे घेऊन येत होते, जुन्या दंडाच्या पावत्या कोणी जपून ठेवल्या होत्या आणि कोणाच्या पावसात भिजून गेल्या होत्या? त्या कायद्याच्या नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले कथनही पुरावा म्हणून धरले आहे. ते प्रत्यक्षात किती जणांचे मान्य झाले, हेही त्यांना विचारा. मग तुम्हाला सापडलेल्या 'कुटुंबा'च्या दोन व्याख्या त्यांना मराठीत वाचून दाखवा. दस्तऐवज पाठवायचा नाही, फक्त अडचण सांगायची, आणि विचारायचे की तुमच्या सजातील, म्हणजे तलाठी म्हणून तुमच्याकडे असलेल्या गावांतील, एखाद्या घराला या लावल्या असत्या तर कोण सुटले असते. माझा अंदाज आहे की तुमच्या एका पानासाठीचे कल्पित घर तुम्हाला कल्पावे लागणार नाही.

तुमची,
ताई